मागाहून बसवलेली टाइल

"या डोनरच्या नमुन्याच्या किती कुप्या राखून ठेवू?" समुपदेशक बाईंनी विचारलं. "नंतर त्याच्याच मिळतील असं नाही."

"एकच," हर्षदा घाईने म्हणाली. हा विषय नवऱ्यासमोर लवकर आटोपलेला बरा. त्याच्यात शुक्राणूच नाहीत असा रिपोर्ट आल्यापासून संदेश गप्प गप्प होता. डोनरचा रक्तगट, रंग, उंची ठरली तेव्हाही त्याने नुसती मान हलवली होती. आत्ताही तो खाली बघत होता. टाइल्सचं दुकान त्याचं. नजर जमिनीवरच जायची. कोपऱ्यात मागाहून बसवलेली एक टाइल बाकीच्यांहून पिवळट दिसत होती.

"एकीने भागायचं नाही," गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो अचानक बोलला. "त्याच बॅचच्या जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. मागाहून शेड जुळत नाही."

हर्षदा हळूच म्हणाली, "अहो, पहिल्या वेळी नाही जमलं तर पुढचं पुढे बघू."

"त्यासाठी नाही गं. दुसऱ्या बाळाच्या वेळी लागतील." त्याने मान वर केली. "माझ्यासारखी नाही दिसणार, ठाऊक आहे मला. पण आपली पोरं एकमेकांसारखी तरी दिसू देत."