बैठक उघडली त्या दिवशी

बैठकीचं कुलूप गालेब सरांनी स्वतःच्या हातानं काढलं. वर्षभर ते तसंच लटकत होतं.

"परिषदेच्या आदल्या दिवशीच छत गळायचं होतं का तुमचं?" दार ढकलत ते म्हणाले.

"माझं कसलं? विद्यापीठाचं!" रिफअत सर म्हणाले. कैरोहून आलेले रिफअत सर त्यांचे गुरू. पाठ वाकली होती, जीभ अजून ताठ होती. "सभागृहात बादल्या मांडल्यात. म्हटलं, अबू लैथच्या घराण्याची एवढी मोठी बैठक इथं करक गावात रिकामी पडलीय, ती काय उंदरांना आंदण दिलीय?"

अबू लैथ म्हणजे गालेब सर, लैथचा बाप. थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारायची, ही रीतच. लैथ गेला, पण हाक काही सुटली नाही. दर वेळी ती काळजात घुसायची.

वर्षापूर्वी कुसै नावाच्या विशीतल्या पोराला वळणावर गाडी आवरली नाही, आणि रस्त्याकडेला उभा असलेला लैथ जागच्या जागी गेला. कुसै तुरुंगात होता. उद्या निकाल. घरच्यांनी माफी दिली तर शिक्षा हलकी होणार होती, नाहीतर उमेदीची वर्षं आतच जाणार होती. कुसैच्या बापानं गावातली वजनदार माणसं मध्यस्थीला पाठवून पाहिली. गालेब सरांनी कुणालाच दार उघडलं नाही.

"माझ्या हातात काय आहे?" ते फोनवर सांगायचे. "आईचा जीव आहे तो. रुदैनाचं काळीज मानत नाही."

त्यांची बायको रुदैना तसं कधी म्हणाली नव्हती. ती कशावरच काही बोलत नसे. त्या गप्प राहण्याचा अर्थ सरांनी आपला आपण लावून टाकला होता.

हळूहळू बैठक भरली. बगदादहून, मस्कतहून, कुठून कुठून अभ्यासक आले होते. एरवी इथं पुरुषच बसत. आज परिषद होती म्हणून बायकाही आल्या. रुदैनासुद्धा आली, काळ्या कपड्यांत, आणि पहिल्या रांगेत बसली. वर्षानंतर ती चार माणसांत आलेली पाहून सरांना बरं वाटलं.

सरांचे थोरले भाऊ मिशअल कॉफीची किटली घेऊन फिरू लागले. वेलदोड्याचा वास सुटला. बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात तळाशी घोटभर कॉफी ओतायची आणि पुढं सरकायचं. मिशअल आज एक शब्द बोलत नव्हते.

"फार कढत आहे बाई," ट्यूनिसच्या डॉ. सल्वांनी पेला समोरच्या तिवईवर ठेवला.

"मला तर डॉक्टरनं बंदच केलीय," रिफअत सर म्हणाले. "राहू दे समोर. वास घ्यायला काय पैसे पडतात?"

कुणी कागद चाळत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. गालेब सरांनी आपला पेला संपवला आणि ते बोलायला उभे राहिले. विषय त्यांच्या हातखंड्याचा होता. अरब टोळ्यांमधली मध्यस्थी आणि माफी.

"शिष्टमंडळ दारात येतं," ते म्हणाले. "यजमान कॉफी देतो. पाहुणा पेला समोर ठेवतो आणि हात लावत नाही. म्हणजे काय, तर मागणं घेऊन आलोय. यजमान 'कॉफी घ्या' म्हणाला की मागणं मान्य झालं. पाहुणे न पिता उठले, तर त्या घराची मान पिढ्यान्पिढ्या खाली. म्हणून ज्याला माफी द्यायची नसते, तो दारच उघडत नाही."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

डॉ. सल्वांनी हात वर केला. "एक शंका होती. शिष्टमंडळ आलंय हे यजमानाला कळलंच नाही तर?"

गालेब सरांना हसू आलं. "बाईसाहेब, एवढा ठोंब्या यजमान आमच्याकडे जन्माला यायचाय. न उचललेला पेला आंधळ्यालाही दिसतो."

कुणी हसलं नाही.

सरांची नजर सल्वांच्या तिवईवर गेली. वाफ केव्हाच विरली होती. कॉफी होती तेवढीच होती. त्यांनी शेजारी पाहिलं. मग मागच्या रांगेत, भिंतीकडच्या गाद्यांवर, दारापर्यंत. मिशअल किटली खाली ठेवून मान घालून उभे होते.

रिफअत सर काठी टेकत उठले.

"अबू लैथ, आमची कॉफी गार झाली रे."

"फसवलंत मला!" गालेब सरांनी हातातले कागद खाली आपटले. "गळकं छत म्हणे! मी तुमचा विद्यार्थी, माझ्याच घरात मला कोंडलंत? माझा लेक गेलाय, सर! हाडामांसाचा लेक!"

"ठाऊक आहे, बाळा. त्याच्या बारशाला मी होतो."

"मग मला नका विचारू. मी बाप आहे, मी गिळीन एक वेळ. पण तिचं काय? नऊ महिने पोटात वाढवलंय तिनं. माफी द्यायची की नाही, हा हक्क आईचा. तुम्ही सगळे परतून जाल, तिला कुठल्या तोंडानं सांगू मी, की चार विद्वान आले आणि मी तुझं लेकरू विकलं?"

बाहेर पाऊस लागला होता.

"विचारा तिलाच," ते म्हणाले आणि पहिल्या रांगेकडे वळले. "रुदैना, सांग यांना."

रुदैना त्यांच्याकडेच बघत होती. हात मांडीवर होते, आणि तिच्या पुढ्यातल्या पेल्यातली कॉफीही तशीच होती.