एका टाकीत दोन जाती

सुंदररावांनी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

"मोकाट गुरं घुसतात," ते म्हणाले.

रविने मान हलवली. केजला त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. नांदूरघाटच्या या घरात कसं शिरावं म्हणून आठ दिवस तो तळमळत होता, आणि आज सकाळी टाकी बघायला ये म्हणून इथूनच फोन आला होता.

सुंदररावांची मुलगी संस्कृती वर्षापूर्वी त्याच्या दुकानातून ॲक्सोलॉटल घेऊन गेली होती. पाण्यातच राहणारा पांढराफटक सॅलमँडर, मानेला पिसांसारखे लाल कल्ले. तेव्हापासूनची ओळख. आता आठ दिवस तिचा फोन बंद होता. घरच्यांनी काढून घेतला असणार. शनिवारच्या पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं रविच्या खिशात होती.

टाकी बैठकीत होती. शेजारी पाण्याच्या पिशवीत दोन छोटे न्यूट, काळे, नारिंगी पोटाचे.

"हे नवे मागवलेत," सुंदरराव म्हणाले. "एकाच टाकीत सोडले तर जमंल का?"

"न्हाई आप्पा. दोन्ही सॅलमँडरच, पण जात निराळी. ह्या काळ्याच्या कातडीत विष असतंय. आणि तो पांढरा तोंडात मावंल ते गिळतो. ह्याला गिळलं की दोघंबी जातील."

"मधी काच घातली तर?"

"पाणी एकच ऱ्हातंय ना. विष पाण्यात उतरतं."

सुंदररावांनी बराच वेळ टाकीकडं पाहिलं. मग पाणी किती गार लागतं ते विचारलं. मग खायला काय घालायचं ते. मग पुन्हा काचेचंच.

संस्कृतीच्या आईनं, बायनाबाईंनी, चहा आणला. त्यांनी रविकडं एकदाही बघितलं नाही. कप ठेवून त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"संस्कृती दिसत न्हाई?" रविने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वर हाय. बरं न्हाई तिला."

वरच्या खोलीचं दार बंद होतं. खिडक्यांना जाड गज. ह्यांना सगळं कळलंय, त्याला वाटलं.

"येतो मी, आप्पा. गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

"बस की. एवढी कावून घाई?" सुंदरराव हलले नाहीत. "मोठी टाकी केली तर जमंल का, ते सांग."

"तरीबी न्हाई."

तास होत आला. रविला बसवेना. तो उठला आणि जिन्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "संस्कृती, भिऊ नको. मी आलोय."

वर कडी वाजली. दार मात्र उघडलं नाही. बायनाबाई पायरीवरून उठल्या नाहीत.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. सुंदररावांनी जाऊन फाटक उघडलं. एक महिला हवालदार आत आल्या, मागे शिपाई. रविचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, बरं झालं आलात," तो म्हणाला. "ह्यांनी पोरीला कोंडून ठेवलंय."

हवालदार बाईंनी वर बघून हाक मारली, "ताई, या आता खाली."

कडी आतून निघाली. संस्कृती सावकाश पायऱ्या उतरली आणि आईच्या मागे उभी राहिली.

"कॉलेजच्या वाटेवर रोज अडवणारा हाच का?" हवालदार बाईंनी तिला विचारलं.

"हाच," संस्कृती म्हणाली. "ह्याच्या भीतीनंच मी आठ दिवस कडी लावून बसले."