निळा खडू

ट्रायल्सची, म्हणजे दगड-पायऱ्यांवर उड्या मारत चढवायची सायकल वीस इंची चाकाची घ्यावी की सव्वीस, हे फक्रुद्दीनचाचा राजारामपुरीतल्या दुकानामागच्या पायऱ्यांना विचारत. टायरला रंगीत खडू घासायचा, गिऱ्हाइकानं उड्या मारत वर चढायचं, मग ठसेच सांगत कुठलं चाक नीट बसलं. विसाला पांढरा, सव्विसाला तांबडा. सायकल घ्यायला आलेल्या अक्षतानं दोन्ही चालवून बघितल्या. “चाचा, मधलं चोवीस न्हाय व्हय?” “ते आता ठेवत न्हाय,” चाचा तुटकपणे म्हणाले. त्यांचा पोरगा तोहिद चोविसावरूनच दगडखाणीत पडून वारला होता. चोविसाचा निळा खडू तेव्हापासून कुलपात होता. “मग हे निळे ठसे कुणाचे?” अक्षतानं बोट दाखवलं. सकाळीच धुतलेल्या पायऱ्या चढून ते वरच्या चाचांच्या घराच्या बंद दाराखालून आत गेले होते. आतून त्यांची बायको खेकसली, “तोहिद, सायकल घरात आणू नको म्हणून कितींदा सांगितलंय रं!”