खंड्याचे कागद

धनाजीने खंड्याची मान धरली आणि डॉक्टर मोहिनी यांनी हातातलं यंत्र कुत्र्याच्या खांद्यांवरून फिरवलं. ओळखीच्या नंबराची नवी चिप बसवण्याआधी त्या एकदा तपासून घेत. यंत्र वाजलं.

"याच्या कातडीखाली चिप आहे," त्या म्हणाल्या.

"आसंल."

"असेल म्हणजे? तुमचाच ना हा?"

"दोन वर्सं आमची भाकरी खातोय. मग कुणाचा?"

गडाच्या पायथ्याला सापडला तेव्हा खंड्याच्या गळ्यात चामडी पट्टा होता. तो धनाजीनेच काढून टाकला होता. हे त्याने सांगितलं नाही.

मोहिनींनी नंबर संगणकात टाकला. नाव पुण्यातल्या एका गृहस्थांचं निघालं. पानशेतला बंगला.

"कुत्रा परदेशी न्यायचे कागद मालकाच्या नावाने निघतात," त्या म्हणाल्या. "त्यांना कळवावं लागेल."

"नका कळवू, मॅडम."

"का?"

धनाजी खंड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याची मुलगी वैष्णवी जर्मनीत नर्स होती. ती पहिल्यांदा गेली तेव्हा खंड्या एसटीच्या थांब्यावर जाऊन पडला आणि त्याने अन्न सोडलं. सलाईन लावून वाचला. सुट्टीला येऊन ती परत गेली, तेव्हा पुन्हा तेच. आता तिने कुत्रा चालेल अशी खोली घेतली होती. आधी चिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी, मग तीन महिने थांबायचं, हा क्रम तिने फोनवर बापाकडून घोकून घेतला होता. त्यात दुसरा मालक कुठेच नव्हता.

चार-पाच दिवसांनी मोहिनींचा फोन आला. "त्यांना कुत्रा परत हवाय. स्वतः येतायत. पत्ता मागितला, द्यावा लागला."

वाडीत एक रीत होती. धरणाची मोजणी झाली तेव्हा धनाजीच्या आजोबांनी साहेबाला खरं सांगितलं होतं, की थोरला भाऊ मुंबईला गिरणीत आहे. साहेबाने थोरल्याला गैरहजर लिहिलं आणि त्याचा पुनर्वसनाचा प्लॉट गेला. तेव्हापासून फाईलवाला माणूस आला की साऱ्या वाडीने एकच उत्तर द्यायचं. उत्तर हनुमंताच्या चहाच्या टपरीवर ठरायचं. या वेळी ठरलं ते बिबट्याचं.

टपरीसमोर गाडी थांबली. उतरलेला माणूस साठीचा होता, हातात फाईल. हनुमंताने चहा पुढे केला.

"कुत्र्यासाठी आलाय व्हय? बिबट्यानं न्हेलं की त्ये. थंडीत."

"मी अजून काहीच विचारलं नाही," पाहुणा म्हणाला.

हनुमंत त्याला घेऊन धनाजीच्या घरी आला. धनाजीची आई बाळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"व्हता एक. बिबट्यानं न्हेला," ती मान वर न करता म्हणाली.

"कधी?"

"शिमग्याला."

"हे थंडीत म्हणाले."

"शिमग्याला डोंगरात थंडी नसती व्हय? तुमच्या पुण्यात नसंल."

फळ्यांच्या भिंतीआड गोठ्यात धनाजी खंड्याचं तोंड दाबून बसला होता. पाहुण्याचा आवाज ऐकला तसे खंड्याचे कान उभे राहिले. शेपटी फळीवर आपटू लागली. धनाजीने ती गुडघ्याखाली घेतली.

"आत काय वाजतंय?"

"रेडकू हाय," हनुमंत म्हणाला. "माशा लई झाल्यात."

पाहुणा थोडा वेळ फळ्यांकडे बघत राहिला. मग ओट्यावर टेकला.

"काय खायचा तो?"

"नाचणीची भाकरी. दुधात कुस्करून. कोरडी न्हाई खात."

"खात नव्हता," हनुमंत घाईने म्हणाला.

"तेच म्हणते मी. नव्हता."

"लळा कुणाचा होता त्याला?"

"नातीचा. ती जर्मनीला आसती."

"तिला कळवलंत?"

बाळाबाईचा हात सुपात थांबला. "न्हाई. हे तिला सांगायचं म्हंजे... आमच्यानं व्हायचं न्हाई."

पाहुण्याने तांब्याभर पाणी मागून घेतलं, प्यायला आणि निघाला. त्याची गाडी वळणावर बराच वेळ उभी होती. मग ती पुण्याच्या वाटेला न लागता वेल्ह्याकडे गेली.

"पोलिसात गेला," हनुमंत म्हणाला. "बघणं बघितलंस का त्याचं? पक्कं तलाठ्यावाणी."

"तूच आधी बोललास म्हणं, मुडद्या," बाळाबाई म्हणाली. "त्यानं चहाला तोंड लावलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मोहिनींनी धनाजीला बोलावलं. कुत्र्याला घेऊनच या, म्हणाल्या. धनाजीने वाटेत खंड्याला कुठे सोडून द्यावं का, याचा दोनदा विचार केला. मग टेम्पोतून त्याला घेऊन गेला. वेल्ह्याच्या दवाखान्याबाहेर पोलिसांची गाडी नव्हती. आत पाहुणाही नव्हता.

"काल ते तुमच्याकडून थेट इथे आले," मोहिनी म्हणाल्या. त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. नंबरासमोर एकच शब्द होता. मृत.

"बिबट्याने नेल्याचं त्यांनी लिहून दिलं. नोंद बंद झाली. या नंबरावर आता कुणाचेच कागद निघणार नाहीत."

धनाजी खाली बसला. खंड्या त्याच्या पायाशी येऊन बसला.

"आमीच मारला त्याला," तो म्हणाला. "आता पोरीला काय सांगू?"

मोहिनींनी कपाट उघडलं आणि सुईचं सीलबंद पाकीट बाहेर काढलं.

"सही करताना त्यांनी मला एकच विचारलं."

"काय?"

"दुसरी चिप बसवताना त्याला फार दुखेल का?"