कड्यावरची पाच गिधाडं

पवळी गाय आजही उठली नाही. आशाबाईनं तिच्या तोंडाशी हिरवा घास धरला. तिनं तो नुसता हुंगला आणि मान पुन्हा जमिनीवर टाकली.

"मावशी, आता फार दिवस नाहीत हिचे," लाइबा म्हणाली.

लाइबा छत्रपती संभाजीनगरची. पक्ष्यांचा अभ्यास करायची, स्कूटरवरून फुलंब्रीच्या पुढं या शेतापर्यंत यायची. शेतामागच्या कड्यावर तिला पाच गिधाडं सापडली होती. आसपासच्या डोंगरांत तेवढीच उरलेली. लोक आता मेलेलं ढोर पुरून टाकतात, म्हणून ती पाचही उपाशी.

"एक मागू का?" तिची जीभ अडखळली. "पवळी गेली की तिला कड्याखाली ठेवू या?"

आशाबाईचा नवरा पुंजाराम ताडकन उठला. "लेकरावानी वाढवली तिला. बांधावर पुरीन, वर लिंब लावीन. उघड्यावर टाकायची नाय." आणि तो तरातरा विहिरीकडं निघून गेला.

"त्यांचं मी बघते," आशाबाई म्हणाली. "पर मला एक सांग. आमच्या लहानपणी मेल्या ढोरावर आभाळ काळं व्हायचं. गेली कुठं एवढी पाखरं?"

"माणसांनी मारली, मावशी. नकळत." लाइबानं सांगितलं ते असं: ढोरांच्या दुखण्यावर एक सुई निघाली होती. ढोर मेलं तरी औषध मांसात राहायचं. ते खाल्लं की गिधाडाच्या किडन्या जायच्या, ते बसल्या जागी मान टाकायचं. बंदी आली तोवर आभाळ रिकामं झालं होतं. "म्हणून पवळीला मी देते तेच औषध द्या. ते पाखरांना बाधत नाही."

आशाबाईनं तेच दिलं. पवळीचं कण्हणं काही थांबलं नाही. आशाबाईला ते ऐकवेना. गोठ्यात जायचं ती टाळायला लागली. पुंजाराम मात्र तिथून हलेना, भाकरसुद्धा तिथंच खायचा.

एका सकाळी त्यानंच येऊन सांगितलं, "गेली पवळी." मग म्हणाला, "घेऊन जा तिला. तुझ्या मनासारखं होऊ दे."

आशाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं हट्ट असा सोडलेला तिला आठवत नव्हता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पवळीला कड्याखाली नेलं. आशाबाईनं तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. मग ती आणि लाइबा दूर झुडपाआड बसल्या. ऊन चढलं. कावळे आले, कुत्री आली, लाइबानं ती हाकलली. कड्यावर काही हलेना.

"भ्याली असतील," आशाबाई म्हणाली.

तेवढ्यात एक सावली माळावरून सरकत गेली. मग दुसरी. पाचही उतरली, पंख पसरून, जड पावलं टाकत. आशाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

पोट भरल्यावर एक गिधाड उडालं आणि कड्याच्या कपारीत शिरलं. लाइबानं दुर्बीण लावली.

"मावशी, पिल्लू आहे! भरवतीये त्याला!"

तिनं आशाबाईला मिठीच मारली. दोघी हसत होत्या, रडत होत्या.

संध्याकाळी आशाबाई ओसरीवर बसली तेव्हा मात्र तिला गोठ्याकडं बघवेना. "अहो, पाखरांपायी मी तिला तडफडत ठेवलं. मरताना लई सोसलं तिनं."

पुंजाराम तिच्याजवळ येऊन टेकला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मऊ झाला होता.

"रडू नको. नाय सोसलं तिनं. शेवटी तिचे हाल मला बघवले नाय. ढोराची दुखण्यावरची सुई बंद हाय म्हणत्यात, म्हणून मेडिकलातून माणसाची आणली. दवा तीच. मीच टोचली अन् पवळी कशी शांत निजली बघ, लेकरावानी."