खुर्ची गार होण्याआधी

"रडू आलं तर मधेच रडून घे," ब्रिनची कॉलर सारखी करत कार्यक्रमाची संयोजक मार्गो म्हणाली. "शेवटी नको. शेवटी देणगीदार चेकबुकं काढतात, तेव्हा चेहरा प्रसन्न हवा."

न्यूयॉर्कजवळच्या ग्रिनिचमधल्या त्या उतरत्या हिरवळीवर हॅल्वर्सन प्रतिष्ठानाचे वसंतभोजन चालू होते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांपैकी एकाने दरवर्षी आभाराचे भाषण करायचे असा रिवाज होता. यंदा तो मान ब्रिन कोव्हाचचा होता. पांढऱ्या तंबूत गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट टेबले मांडली होती.

"मला आधी हॅलना भेटायचंय."

"आता? बाई, तो जेवतोय."

ब्रिन निघालीच होती.

हॅल्वर्सन तिला पाहून उठून उभा राहिला. सगळ्यांनी त्याला हॅल म्हणावे असा त्याचा आग्रह असे. आयुष्यभर त्याने एकच विद्या जोपासली होती: जगाला जे अजून उभे दिसते, ते पडणार हे आधी ओळखणे. त्याचा हेज फंड अशा कंपन्यांचे शेअर उसने घेऊन विकी, त्यांच्याविषयीचे सत्य जाहीर करी आणि भाव कोसळले की तेच शेअर स्वस्तात घेऊन परत करी. मधला फरक त्याचा. त्यातले बरेचसे तो वाटून टाकी, हेही तितकेच खरे.

"डायलिसिसवाल्या कंपनीवरचा तुमचा अहवाल वाचला मी," ब्रिन म्हणाली. "येताना, ट्रेनमध्ये."

"आवडला?"

"'खुर्ची गार होण्याआधी पुढचा पेशंट बसवतात.' हे वाक्य माझ्या आईचं आहे."

हॅलने हातरुमालाने ओठ टिपले. गेल्या वसंतात याच टेबलावर तो तिच्याशेजारी बसला होता. स्वतःविषयी एक शब्द न बोलता त्याने तिला विचारले होते, घरी कोण असते, आई काय करते, दमून आल्यावर काय बोलते. वडील गेल्यापासून इतके कुणी विचारले नव्हते. ब्रिन बोलत राहिली होती; समोरचे लॉबस्टर तसेच राहिले होते.

"नाव कुठंही नाही," हॅल म्हणाला. "'एक परिचारिका', एवढंच आहे."

"आई हेच वाक्य तिच्या डायलिसिस केंद्राच्या बैठकीत बोलली होती. त्यांनी बरोबर ओळखलं. परवा तिला काढून टाकलं."

त्याने हातरुमाल खाली ठेवला. त्याचे दुःख खोटे नव्हते. ते खोटे असते तर ब्रिनला सोपे गेले असते.

"वाईट झालं. मार्गोला सांगतो, तिच्यासाठी काहीतरी बघू. पण मला एक सांग, ती म्हणाली ते खरं होतं ना?"

"हो."

"पेशंटना वेळेआधी उठवत होते?"

"हो."

"आता उठवत नाहीत. सगळ्या केंद्रांवर तपासणी लागलीय. तुझ्या आईनं इतकी वर्षं आरडाओरडा करून जे झालं नाही, ते एका आठवड्यात झालं. आणि या व्यवहारातला माझा सगळा फायदा इथं आलाय." त्याने हात टेबलांवरून फिरवला. नवी मुले नव्या कोटांत अवघडून बसली होती. "ही सगळी त्यातलीच."

"तुम्ही विचारत होतात तेव्हा मला वाटलं, आमची चौकशी करताय."

"करतच होतो," हॅल हळुवारपणे म्हणाला. "दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, ब्रिन."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी त्याला हाक मारली. तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून तो तिकडे वळला.

ब्रिन तंबूबाहेर आली. डॉगवुडची फुले कुणाचेच काही न ऐकल्यासारखी उघडी होती. तिने यंग्सटाउनला, घरी, फोन लावला.

"झालं का गं भाषण?" आईचा आवाज पाण्याच्या आवाजात मिसळला होता. ती भांडी घासत होती.

"अजून नाही. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय! घर इतकं चकचकीत झालंय की परकं वाटतंय. एवढं ऐक, ती लोरेटा परत आली होती. दाराशी उभी राहून रडत होती. मी नाही उघडलं."

"आई..."

"वीस वर्षं एका डब्यातले पिरोगी खाल्ले आम्ही. बैठकीत माझ्या शेजारी तीच बसली होती. त्या अहवालवाल्यांना दुसरं कोण सांगणार? रडू दे मेलीला." भांड्यांचा आवाज जरा वाढला. "जाऊ दे. तू आपलं नीट बोल. तो माणूस नसता तर तुझं कॉलेज कुठलं व्हायला? माझं नाव घेऊन आभार मान त्याचे. म्हणावं, आईनं खास सांगितलंय."

तंबूच्या दारातून मार्गो जोरजोरात हात हलवत होती. आत निवेदकाने ब्रिनचे नाव पुकारले, मग पुन्हा एकदा, हसत.

ब्रिनने दुसऱ्या कानावर तळहात दाबला.

"आई, लोरेटानं नाही सांगितलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. पाणी थोडा वेळ नुसतेच वाहत राहिले. मग नळ बंद झाला.