मेल्यानंतरची तिसरी बढती

"मेलेल्याला राबवता आन् वर हार घालता, लाज कशी वाटत न्हाई तुमास्नी?" सगुणाबाई मोहिते भर मंडपात कडाडल्या आणि बँडवाल्यांचे हात जागीच थांबले.

समोर खुर्चीवर त्यांच्या मुलाचा, दिगंबरचा रिकामा गणवेश होता आणि शेजारच्या पडद्यावर दिगंबरचा चेहरा. कॅप्टन असताना तो सीमेवर पडला. सैन्याने त्याच्या मेंदूची नक्कल काढून यंत्रात ठेवली. तेव्हापासून तो डोळ्याला डोळा न लावता तुकड्या हलवत होता. मेजर झाला, लेफ्टनंट कर्नल झाला, आज कर्नल व्हायचा होता. घरच्या माणसाने गणवेशाच्या खांद्यावर नवं पदचिन्ह लावल्याशिवाय बढती पुरी होत नाही, अशी रीत. सगुणाबाईंनी ते आधी दोनदा हौसेने लावलं होतं; आज त्यांच्या हातात कर्नलचा नवा तारा होता.

"काकू, हा मान आहे. लावा," ब्रिगेडियर हळूच म्हणाले.

"मान व्हय? त्यालाच इचारा की!"

पडद्यावर दिगंबर कसनुसा हसला. "आये, नको लावूस. प्रत्येक बढतीमागं आणखी पोरं माझ्या हुकमावर मरायला येत्यात. मेलो तवा वाटलं हुतं, सुटलो."

ब्रिगेडियरांनी खूण केली. आवाज बंद झाला, ओठ तेवढे हलत राहिले.

सगुणाबाईंनी तारा मुठीत आवळला. त्याचं टोक तळहातात रुतलं, तरी मूठ सैल झाली नाही.

"जित्ता असता तर वय झाल्यावर पेन्शन देऊन घरला धाडला असता ना? मग मेलेल्याला कधी सोडणार? बोला सायेब. उत्तर दिल्याबिगर ही मूठ उघडायची न्हाई."